सोसायटीच्या गच्चीवर आधाराची बाग

आधाराची बाग म्हणजे सोसायटीतल्या वयस्क, आजारी किंवा एकट्या पडलेल्या माणसांनी मिळून करायची बाग. बागकामामुळे गोळ्या बंद होत नाहीत आणि तशी आशा कोणाला लावूही नये. पण सांधे हलतात, सकाळी घराबाहेर पडायला कारण मिळतं, शेजाऱ्याशी बोलायला विषय मिळतो. एकट्या पडलेल्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी येणाऱ्यांची माहिती घ्या: कोणाला वाकवत नाही, कोणाचा हात थरथरतो, कोण विसरतं, कोण व्हीलचेअरवर आहे.

वाफा मेजाच्या उंचीवर हवा. व्हीलचेअर आत शिरायला खाली 70 सेंमी मोकळी जागा आणि वाफा 12 सेंमी खोल ठेवला, की काठ 80 सेंमीच्या आसपास येतो. रुंदी 60 सेंमीपेक्षा जास्त नको, पलीकडे हात पोचत नाही. 120 सेंमी लांबीचा असा वाफा ओल्या मातीसह 90 ते 100 किलो भरतो, त्यामुळे तो तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा. स्लॅबच्या मधोमध नको. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

भरणीसाठी चार भाग लाल माती, तीन भाग कंपोस्ट, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बादलीमागे मूठभर निंबोळी पेंड. आपली काळी माती एकटी वापरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या; त्यातल्या क्षारांनी कोवळ्या रोपांची टोकं करपतात.

पहिलं पीक मेथीचंच घ्या. मन खचलेल्या माणसाला टोमॅटोसाठी तीन महिने थांबायला लावू नये; मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत जुडी होते. 45 बाय 30 सेंमीच्या ट्रेला दोन चहाचे चमचे दाणे रात्रभर भिजवून, निथळून पेरा आणि वर अर्धा सेंमी माती पसरा. हात थरथरत असेल तर निथळलेले दाणे कोरड्या वाळूत घोळवून मोठ्या भोकांच्या डबीतून शिंपडायला द्या. खुरप्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली की कमजोर पकडीतही ते टिकतं. झारीऐवजी झाकणाला भोकं पाडलेली एक लिटरची बाटली द्या. आणि प्रत्येक पेरणीचा एक जादा ट्रे गुपचूप तयार ठेवा. ज्याचा ट्रे कुजला, त्याला त्याच दिवशी दुसरा हातात देता येतो. बहुतेक वेळा कुजण्याचं कारण जास्त पाणी हेच असतं: बोट पेरभर खुपसून ओल लागली, तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही.

आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, 45 मिनिटं पुरेत. सहा-आठ जणांमागे दोन मदतनीस लागतात, आणि मदतनिसांनी हात आवरायला शिकायला हवं. उत्साही स्वयंसेवक सगळं भराभर उरकतात आणि आजोबा खुर्चीवर बघत बसतात, मग बाग छान होते आणि उपयोग शून्य. विसरभोळेपणा असेल तर एका वेळी एकच सूचना द्या, स्वतः शेजारी बसून तेच काम करा. गवती चहा, पानओवा, सब्जा यांचं पान चुरडून हुंगायला द्या. वासावरून पुष्कळदा गप्पा सुरू होतात. कण्हेर, धोतरा, डिफेनबाखिया मात्र विषारी, ती या बागेत नकोतच.

मधुमेह असलेल्यांना बंद बूट आणि हातमोजे, धनुर्वाताची लस झाली आहे का याची चौकशी, कोरडं खत कालवताना मास्क. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कात्री दुसऱ्याकडे. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

एप्रिल-मेमध्ये सात वाजता सुरू करा, वर 50 टक्क्यांची शेडनेट बांधा आणि लाल माठाची पालेभाजी लावा. पावसाळ्यात ओली गच्ची निसरडी असते, म्हणून सगळा गट पार्किंगमध्ये आणून पुदिना आणि पानओव्याच्या काड्या लावायचं काम काढा. हप्ताभर सुट्टी दिली की परत येणारे कमी होतात.

भाजीची वाटणी पहिल्याच दिवशी ठरवा. एक जुडी लावणाऱ्याची, एक जिना उतरता न येणाऱ्या शेजाऱ्याची, आणि ती लावणाऱ्यानेच नेऊन द्यायची.