अननस का कुजतो, का फळत नाही? या चुका टाळा

अननसाचा तुरा, म्हणजे फळावरचा पानांचा झुपका, सहज रुजतो. तरी अनेकांचा तुरा महिनाभरात बुडाशी काळा पडतो, आणि चूक बहुधा लावण्याआधीच झालेली असते. सुरीने कापलेल्या तुऱ्याला गर चिकटून राहतो. मातीत पहिल्यांदा कुजतो तो हा गरच. त्यामुळे तुरा कापू नका. फळ एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने तुरा पिरगळा, तो बुडासकट सुटून येतो. मग खालची पानं एकेक करून ओढून काढा, दोन-तीन सेंटीमीटर बुंधा उघडा पडेपर्यंत. त्यावर बारीक तपकिरी उंचवटे दिसतील. पुढची मुळं तीच. जखम सुकायला तुरा चार-पाच दिवस सावलीत ठेवा. तो वाळून जाईल ही भीती नको, पानांत पाणी साठवणारं झाड आहे हे.

लावताना फक्त उघडा बुंधा मातीत जाऊ द्या. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, माती गेली की नवी पानं तिथेच अडकून कुजतात.

सगळ्यांत जास्त झाडं मरतात ती रोजच्या पाण्याने. अननसाची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, प्रामुख्याने रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली असतात; उन्हात त्यातून पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे त्याला पाणी फार थोडं लागतं. पन्हळीसारखी पानं पाऊस आणि दव बुंध्याकडे आणतात, आणि पानांच्या बेचक्यांत फुटलेली मुळं ते शोषून घेतात. मातीतली मुळं मात्र उथळ असतात; साचलेलं पाणी त्यांना सोसत नाही. बोटाची दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या, आणि निचरा नसलेली कुंडी वापरूच नका. शंका आली तर मधलं पान हलकेच ओढून पाहा. पोंगा कुजला असेल तर पान अलगद हातात येतं, त्याचं बूड मऊ पडलेलं असतं आणि घाण वास येतो. क्वचित अशा बुंध्यालाही खालून फुटवा येतो, पण आधी पाणी थांबवा.

पानं पिवळी पडली म्हणून नुसतं खत वाढवू नका. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. अननसाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण 4.5 ते 6. चुना किंवा राख घातली की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईतल्या मँगनीजयुक्त जमिनीत अननस असेच पिवळे पडत होते, आणि उपाय सापडला तो पानांवर फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार फवारण्याचा. कुंडीतल्या झाडालाही हेच, अगदी सौम्य द्रावणात. तांबंयुक्त बुरशीनाशकं मात्र अननसापासून दूर ठेवा, त्याला ती मानवत नाहीत.

पानांच्या बुडाशी पांढरा कापूस दिसला तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. त्याच्याबरोबर मुंग्यांचाही बंदोबस्त करा. त्या त्याला सांभाळतात, त्या असेपर्यंत तो हटत नाही.

फळाची घाई ही आणखी एक मोठी चूक. तुऱ्यापासून फळ यायला दोन-तीन वर्षं लागतात, बुंध्याच्या फुटव्यापासून दीडेक वर्ष. पिकलेलं सफरचंद झाडाजवळ ठेवून वर पिशवी घातली की त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने अननस फुलावर येतो, हे खरं आहे. पण झाड लहान असेल तर फळही मुठीएवढंच मिळतं. झाडाचं वय महिन्यांत न मोजता पानांत मोजा: तीसेक निरोगी, लांब पानं होईपर्यंत सफरचंदाला हात लावू नका. आणि पिशवी घातलेली कुंडी उन्हात ठेवू नका, आत झाड भाजून निघतं.

फळ काढल्यावर झाड उपटू नका. त्या खोडाला पुन्हा फळ येत नाही, पण बगलेतले फुटवे पुढचं पीक देतात. त्यातले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे वेगळे लावा. फळ मात्र लवकर तोडू नका. तोडलेला अननस मऊ पडतो, पिवळा होतो, पण आणखी गोड होत नाही. बुडाकडून पिवळेपणा वर चढू लागला आणि वास सुटला की मगच तोडा.