ल्युपसची शंका आहे आणि स्किनवाल्या डॉक्टरकडे जायचंय, तर जाण्याआधी एवढं करून ठेवा

मागच्या एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण सासरी गच्चीवर तीन दिवस वाळवण घालत होती, कुरडया, सांडगे, पापड सगळं. नागपूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, डोक्यावर ओढणी होती पण तोंड उघडं. तेव्हा काहीच झालं नाही. दहा-बारा दिवसांनी दोन्ही गालांवर आणि नाकावर पुरळ उठलं, आणि पहिल्या डॉक्टरांनी विचारलं की उन्हात गेल्या होत्या का, तर ती सरळ नाही म्हणाली, कारण त्या आठवड्यात ती खरंच घरात कूलरसमोर बसून होती. त्या एका नाहीमुळे आमचे पुढचे चार महिने चुकीच्या दिशेने गेले. म्हणून हे लिहितेय, कोणाच्या घरी अशीच ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडी, सांधे, किडनीवर उलटते तो आजार) शंका असेल तर आमच्यासारखं होऊ नये.

तर तयारीतलं पहिलं काम म्हणजे कॅलेंडर घेऊन बसा आणि पुरळ दिसायच्या आधीचे तीन-चार आठवडे आठवा. ल्युपसचं पुरळ ऊन लागल्यावर लगेच येईलच असं नाही, कधीकधी आठवडा-दोन आठवडे जातात आणि मग एकदा आलं की बरेच दिवस हलत नाही. साधी उन्हाची ॲलर्जी बहुतेकदा काही तासांत नाहीतर दिवसभरात उठते आणि ऊन टाळलं की आठवड्या-दीड आठवड्यात जाते. हा फरक डॉक्टरांना फार कामाचा असतो, पण तो तुमच्या तारखांमधूनच कळणार ना. लग्न, वाळवण, शेतावर जाणं, स्कूटीवरून रोजचं जाणं-येणं, खिडकीशी बसून काम, सगळं लिहा. काचेतूनसुद्धा काही किरणं येतात, त्यामुळे कारमध्ये किंवा खिडकीजवळ बसलं म्हणजे ऊन लागलंच नाही असं धरू नका. आणि आपल्याकडे पोरी जो स्कार्फ बांधतात तो बांधत होतात की नाही हेही सांगा, कारण स्कार्फखाली झाकलेला भाग स्वच्छ आणि उघडा भाग खराब असेल तर ती खूणच आहे.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तोंडाला काही लावून जाऊ नका. पावडर नाही, फाउंडेशन नाही, हळद नाही, कोरफड नाही, आणि मेडिकलच्या दुकानातून उचललेली ट्यूब तर अजिबात नाही. आमच्याकडे कोणीतरी एक ट्यूब आणून दिली, गजकर्ण, खाज, डाग सगळ्यावर चालते म्हणून, आणि बहिणीने ती दीड महिना लावली. दोन दिवसांत गाल मऊ झाले, बंद केली की दुप्पट लाल. आत स्ट्रॉइड होतं. २०१८ पासून अशी बरीच स्ट्रॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय द्यायला मनाई आहे तरी मिळतात. त्या ट्यूबने खरं पुरळ दबतं, वरून स्ट्रॉइडचं स्वतःचं नुकसान चढतं, आणि मग डॉक्टरसमोर बसलेला चेहरा ना धड ल्युपसचा ना धड कशाचा. तुम्ही आधीच लावत असाल तर लपवू नका, ट्यूबच घेऊन जा, रिकामी असली तरी, आणि किती दिवस लावली ते सांगा. कधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील. पोटातून घ्यायच्या स्ट्रॉइडच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, त्यात धोका आहे.

फोटो काढा. हे पुरळ येतं-जातं, आणि अपॉइंटमेंट मिळेल त्या दिवशी ते हमखास कमी दिसतं. त्यामुळे जेव्हा जोरात असेल तेव्हाच, सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून आणि फोनचा ब्युटी मोड बंद करून काढा (तो मोड नेमकं आपल्याला दाखवायचंय तेच पुसून टाकतो). समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि मग ज्या जागा कोणी बघत नाही त्या, म्हणजे कानाच्या आतला खड्डा, कानामागे, केसांमध्ये भांग पाडून टाळू, छातीचा गळ्याजवळचा भाग, दंडाची बाहेरची बाजू, हाताची बोटं वरून, नखांच्या मुळाशी. तोंड उघडून आत जिभेच्या वरच्या छताचाही (टाळ्याचा) फोटो घ्या, ल्युपसमध्ये तिथे छाले येतात आणि ते बऱ्याचदा दुखतच नाहीत, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो.

बहिणीचं खरं तर कानातच सापडलं. टॉर्च मारून बघितलं तर कानाच्या वाटीत एक खडबडीत, मधून पांढुरका आणि कडेने काळा असा डाग, आणि त्यात बारीक बारीक भोकं, जणू सुईने टोचलेली. तिला ते कानातल्याची ॲलर्जी वाटत होती. याला डिस्कॉइड ल्युपस म्हणतात, आणि हा प्रकार जागेवर व्रण सोडतो, डोक्यात झाला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात, म्हणून त्यात उशीर परवडत नाही.

रंगाचं एक सांगते. वाचलं की सगळीकडे लाल पुरळ, लाल फुलपाखरू असं असतं, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते लाल दिसतच नाही नीट, जांभळट, तपकिरी, कधी नुसतं काळपट, आणि मग घरचे म्हणतात वांग आहे. वांग सपाट असतो, पुरळ बऱ्याचदा थोडं उठलेलं, गरम, कधी पापुद्र्याचं असतं. अजून एक बघा, नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी जाते ती ल्युपसमध्ये बहुतेक वेळा सुटलेली असते, गाल आणि नाक भरलेलं पण घडी कोरी. हातावर पुरळ असेल तर ते बोटांच्या सांध्यांवर आहे की सांध्यांच्या मधल्या भागावर, हे नीट बघून ठेवा. सांध्यांवर असेल तर डॉक्टर वेगळ्या आजाराचा विचार करतात, त्यात स्नायू दुबळे होतात, तर जिना चढताना किंवा केस विंचरताना हात गळतात का तेही सांगा. आणि आपल्या विदर्भात डॉक्टर डागाला कापूस लावून स्पर्श कळतो का ते बघतील, घाबरू नका किंवा राग मानू नका, कुष्ठरोग नाही ना हे आधी बघायलाच हवं, दोन्हींचे डाग काही वेळा सारखे दिसतात.

आता गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत टाका, नावं लिहून नेऊ नका, स्पेलिंग चुकतं. काही औषधांनी ल्युपससारखं गोल-गोल चकत्यांचं पुरळ उठतं, विशेषतः बीपीसाठीची पाण्याची एक गोळी (हायड्रोक्लोरोथायझाइड), ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल जातीच्या गोळ्या, आणि बुरशीसाठी देतात ती टर्बिनाफिन. यातली शेवटची बघा कशी फसवते, ल्युपसची चकती गजकर्णासारखी दिसते, कोणीतरी गजकर्ण म्हणून टर्बिनाफिन देतो, आणि तिच्यामुळेच चकत्या वाढू शकतात. ॲसिडिटीची गोळी तर आपल्याकडे कोणी गोळी म्हणून धरतच नाही, चहासारखी रोज घेतात, पण ती आवर्जून सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही, बायोप्सीच्या (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात त्याच्या) आधी कळायला हवं.

कातडीशिवाय बाकी शरीराचंही लिहून न्या, सकाळी सांधे आखडतात का आणि किती वेळ, केस उशीवर किती पडतात, थंडीत बोटं पांढरी-निळी होतात का, ताप, पायावर सूज, लघवीला फेस. गर्भपात झाले असतील तर तेही सांगायचं असतं. हे सासूबाई किंवा दिरासमोर बोलायला बाईला जड जातं, म्हणून आत कोण जाणार हे घरीच ठरवा. आम्ही ठरवलं की मी जाणार आणि बाकीचे बाहेर बसणार, आणि तिने आत पहिल्यांदा दोन गोष्टी सांगितल्या ज्या मलाही माहिती नव्हत्या.

टेस्टचं. एएनए नावाची रक्ताची टेस्ट सांगतील, तिला उपाशी जावं लागत नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झालाच असं नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिपोर्ट हातात आल्या-आल्या रडारड होते. १:८० इतक्या पातळीला (म्हणजे नमुना ऐंशीपट पातळ करून बघितला) तर शंभरातल्या तेराएक निरोगी लोकांचीही पॉझिटिव्ह येते. आणि उलट, फक्त कातडीचा डिस्कॉइड असेल तर एएनए निगेटिव्हही असू शकते, तेव्हा निगेटिव्ह बघून फाईल बंद करू नका. सोबत सीबीसी, क्रिएटिनिन, सी३-सी४, डीएसडीएनए (ल्युपससाठीच्या अजून रक्ताच्या टेस्ट) वगैरे असतं, पण लघवीची तपासणी लोक हलक्यात घेतात ती घेऊ नका, किडनीवर परिणाम चालू असला तरी दुखत काहीच नाही. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका, रक्त मिसळून रिपोर्ट भरकटतो.

बायोप्सीला सगळे घाबरतात. बहिणीची सासू म्हणाली, काहून वो, इतकुशा डागाले टाके काहून घालता. पण डोळ्यांनी बघून जे पक्कं होत नाही ते त्या तुकड्यात बऱ्याचदा कळतं. साधारण ४ मिलिमीटरचा पंच (तुकडा काढायचं गोल पातं) असतो, जागा बधिर करतात, इंजेक्शनचं पाच सेकंद झोंबतं, मग एखाद-दुसरा टाका. चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांत काढतात. खाऊन जा, उपाशी चक्कर येते. जाताना एकच प्रश्न विचारा, डीआयएफ (कातडीत साचलेल्या अँटीबॉडी बघायची खास तपासणी) करणार आहात का. तो वेगळा तुकडा असतो आणि त्याला फॉर्मलिन (तुकडा टिकवायचं नेहमीचं द्रावण) चालत नाही, फॉर्मलिनमध्ये टाकला की ती तपासणीच होत नाही, त्याला वेगळं द्रावण किंवा थोड्या वेळासाठी सलाईन लागतं. आमच्या हातात दोन बाटल्या दिल्या, बोटाच्या पेराएवढ्या, लॅबला पोचवा म्हणून. एकावर लेबल, दुसऱ्यावर नुसतं नाव पेनने आणि घामाने ते पुसट होत चाललेलं. मी तिथेच काउंटरवर परत जाऊन दोन्हींवर नाव, वय, जागा (उजवा गाल, डावा कान) आणि कशात ठेवलंय ते लिहून घेतलं, मग रिक्षा करून निघालो, बाटल्या मांडीवर रुमालात, उन्हाच्या बाजूला नाही. तुम्हीही पुसट लेबल घेऊन निघू नका.

नागपुरात कुठे जायचं तर मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स (ही तिन्ही सरकारी हॉस्पिटलं), नाहीतर धंतोली-रामदासपेठेत तुमचे जे कोणी त्वचारोगतज्ज्ञ असतील ते. सांधे, किडनीचं काही निघालं तर पुढे रुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांचे आणि ल्युपससारख्या आजारांचे डॉक्टर) पाठवतील. सरकारी ओपीडीला सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली, जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावून, आणि येता-जाता बांधायला सुती स्कार्फ, पूर्ण बाहीचं काही. आत तपासताना अंगावरचं पटकन काढता येईल असे कपडे घाला, पाठ आणि दंड बघायला मागतात, संकोचाने अर्धंच दाखवू नका.

आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) सुरू करतो म्हटलं तर तेव्हाच वजन सांगा, डोस वजनावर ठरतो, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत, आणि डोळ्यांची सुरुवातीची तपासणी कधी करायची ते विचारून घ्या. दिवस राहिलेले असतील किंवा प्लॅन असेल तर अँटी-आरओ ही रक्ताची टेस्ट केली का तेही विचारा, त्याचा संबंध पोटातल्या बाळाच्या हृदयाशी येतो.

बायोप्सीचे दोन रिपोर्ट वेगवेगळ्या दिवशी येतात. आमचा फॉर्मलिनवाला आधी आला, दुसरा नंतर, आणि मधल्या काळात आम्ही पहिल्याच कागदावर सगळं ठरवून बसलो होतो. दोन्ही हातात आल्यावरच परतीची तारीख घ्या, आणि स्लाईड-ब्लॉक (तुकड्यापासून बनवलेल्या काचा आणि मेणाचा ठोकळा) लॅबकडून परत मिळतात का ते त्याच दिवशी विचारून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं झालं तर परत टोचून घ्यावं लागत नाही.