पत्र कुणाचं, ते नंतर. आधी कुणाला आलं ते बघा

नामवंत लेखकांची हस्तलिखित पत्रं जमवायची असतील तर लेखकाच्या घराचे उंबरे झिजवू नका. लेखक पत्र लिहितो आणि पेटीत टाकतो. त्याच्या घरी उरतात ती लोकांनी त्याला पाठवलेली. आपल्याला हवं ते पत्र जिथं पोचलं तिथं असतं. भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, टपाल सॉर्टिंगवर नोकरी झाली माझी, त्यामुळे नजर आधी पत्त्यावर जाते आणि मग सहीवर. या छंदात त्या सवयीचा फार उपयोग झाला.

खानदेशात तर ही रीत चांगलीच लागू पडते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालय बघत होते. १९३६ साली फैजपूरला काँग्रेस भरली, तिच्यासाठीही राबले. त्यांच्या हाताखालची पोरं पुढे मास्तर, वकील, बागायतदार होऊन गावोगाव पांगली. गुरुजींचं पोस्टकार्ड निघालं तर अशाच एखाद्या घरातल्या ट्रंकेत निघेल. दुसरी जागा म्हणजे तालुक्याची वाचनालयं आणि व्याख्यानमाला. पाहुणे लेखक ठरवायचे काम कार्यवाहांचं, त्यामुळे उत्तरंही त्यांच्याच नावावर यायची. कुठल्या गाडीने येतो, रात्री जेवण नको, मानधनाचं काय, असला मजकूर. लोक अशा कार्डांना नाक मुरडतात. मला मात्र साहित्यचर्चेच्या लांबलचक पत्रांपेक्षा तीच जास्त आवडतात, त्यात माणूस दिसतो. कार्यवाह वारले की फाइल घरीच राहते आणि कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. म्हणून रद्दीवाल्याशी ओळख दसऱ्याच्या आधी करून ठेवावी. जुन्या कागदांचा गठ्ठा न फोडता बाजूला ठेव, किलोच्या भावावर वरून देतो, एवढं सांगितलं की पुरतं.

कुणाच्या घरी गेलात तर विकत घेण्याची भाषा पहिल्या भेटीत नको. ज्यांना पत्रं आली त्यांच्याबद्दल विचारा. "आजी, अण्णांना टपाल फार यायचं म्हणे?" एवढं विचारलं की चहा येतो, गप्पा रंगतात आणि माळ्यावरची पेटी खाली येते. सूनबाई अहिराणीत म्हणतात, "हाई काय कामनं शे?" (हे काय कामाचं?) तेवढ्यात पाकिटं केराच्या टोपलीत जाऊ देऊ नका. पाकिटाविना पत्र म्हणजे निम्मा पुरावा गेला. कुणी दिलं, लेखकाशी त्या घराचा संबंध काय, हे त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मूळ पत्रावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलनेसुद्धा नाही.

आता खऱ्या-खोट्याचं. बहिणाबाईंच्या अक्षरातलं पत्र कुणी दाखवलं तर नमस्कार करून उठा. आसोद्याच्या त्या माउलीला लिहिता येत नव्हतं. ओव्या उतरवून घेतल्या त्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या मंडळींनी. धरणगावचे बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचं पत्र असं सहजासहजी बाजारात येत नाही. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यामुळे नव्या पैशांतलं तिकीट छापलेल्या कार्डावर त्यांची सही असूच शकत नाही. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, वर तारीख काहीही असो.

कार्ड खिडकीशी न्या आणि तिरपं धरा. भिंग दहा पटीचं चांगलं. पूर्वी टपालावर टाकल्या ठिकाणचा आणि पोचल्या ठिकाणचा, असे दोन शिक्के पडायचे. दोन्ही वाचायचा प्रयत्न करा, तारखांचा क्रम जुळवा. शिक्का अक्षरांवर चढला असेल तर कशावर काय आहे ते बघा. शिक्क्याच्या वरून अक्षर गेलं असेल तर मजकूर मागाहून लिहिलाय. कागदाला घडी असेल तर तिथंच थांबा. पत्र आधी लिहितात, मग घडी घालतात. घडीच्या मोडलेल्या तंतूंत शाई पसरलेली दिसली, म्हणजे जुना दुमडलेला कोरा कागद घेऊन कुणीतरी उद्योग केलाय. जुन्या हिशेबाच्या वहीतलं कोरं पान मिळणं आजही अवघड नाही. भिंगाखाली अक्षरं बारीक ठिपक्यांची दिसली तर ती छापील प्रत समजायची.

अक्षर दुसऱ्याचं आणि सही लेखकाची, असंही असतं. वि. स. खांडेकरांची दृष्टी शेवटी अधू झाली, ते सांगत आणि लेखनिक लिहून घेत. असं पत्र खोटं नाही, फक्त 'हस्ताक्षरात' म्हणून त्याचे पैसे मोजू नका. मोडीतलं पत्र हाती लागलं तर मोडी वाचणारा माणूस गाठा. त्यासाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करावी.

जपण्याचं थोडक्यात: लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. गंजलेली टाचणी सावकाश काढा. आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं वापरा, वास मारणारं प्लास्टिक नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालची खोली आणि लोखंडी कपाट दोन्ही वाईट. आतल्या खोलीत, भिंतीपासून सुटं असं लाकडी कपाट बरं. कागद खाणाऱ्या कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पण कागदाला टेकू देऊ नका.

कागद तुमचा झाला तरी मजकुराचा हक्क लेखकाचा, त्याच्यामागे वारसांचा. तेव्हा छापण्याआधी, व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधीसुद्धा, वारसांना विचारा. आणि वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं की १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला गुरुजींचं कार्ड भेट द्यायचं मनात असेल तर त्याला स्कॅन पाठवा.