नवीन .२२ रायफलचा बोल्ट जड जातोय? आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा

रायफल नेमबाजीतल्या ५० मीटर थ्री पोझिशनला नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन (पालथं), स्टँडिंग (उभं) मिळून ६० शॉट, म्हणजे साइटर (मोजणीत न धरले जाणारे सरावाचे शॉट) सोडूनसुद्धा ६० वेळा बोल्ट (नळी मागून बंद करणारा हँडलवाला दांडा) उघडायचा आणि मिटायचा, आणि तो अडकला की खांदा हलतो, पोझिशन जाते. २०२४ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्या रेंजवर नवी पोरं बरीच दिसतात आणि प्रत्येकाला कोणीतरी काका सांगतातच, बोल्ट जड आहे ना, घासून घे. नका घासू.

रायफल रिकामी, मॅगझिन बाहेर, जिवंत राउंड दुसऱ्या खोलीतल्या कपाटात कुलपात. बोल्ट काढून फॅक्टरीचं चिकट ग्रीस रॉकेलने धुवा, कोरडा करा.

आता जड नक्की काय जातंय ते बघा, सगळे इथेच चुकतात आणि मीही चुकलो. बहुतेक .२२ हँडल उचलताना कॉक होतात, म्हणजे फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. बोल्ट कॉक असताना हँडल वरखाली करा, मग ट्रिगर सोडून परत उचला (चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते तिथे, स्नॅप कॅप म्हणजे खोटी सरावाची गोळी हवीच, .२२ ही रिमफायर, पिन गोळीच्या कडेवर मारते, तिला रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारला की पिन चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पडू शकतो). पहिल्यांदा हलकं आणि दुसऱ्यांदा जड लागलं तर ती स्प्रिंग आणि कॅम (तिला दाबणारा बोल्टवरचा उतार) आहे, दोष नाही. दोन्ही वेळा खरखर लागली तरच कुठेतरी घासतंय. मग बोल्टला काळा मार्कर फासा, वीसेक वेळा चालवा, शाई जिथून उडाली तिथे घासतंय.

माझी शाई दोनच ठिकाणी उडाली होती, तेवढ्यावर थांबायचं सोडून मी गॅरेजमधली वॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून रात्रभर बोल्ट चालवला. लोण्यासारखा झाला, दोन दिवस. मग पेस्ट पिनच्या भोकात आणि ट्रिगरमध्ये शिरली, ट्रिगर कधी लागायचा कधी नाही, आणि कॅमचा वरचा कडक थर गेल्यामुळे खालचं मऊ लोखंड ओरबाडून बोल्ट आधीपेक्षा खरखरीत झाला. नवीन बोल्टचे पैसे भरले, घरी काय बोलणी खाल्ली ते सोडा. पेस्ट पुसून जात नाही, ती कापतच राहते. बोल्ट जिथे लॉक होतो त्या जागा आणि सिअर (ट्रिगर सोडेपर्यंत पिन अडवून धरणारा भाग) यांना तर घासायला बोटसुद्धा लावू नका, तिथे धातू गेला की हेडस्पेस (बंद बोल्ट आणि गोळी यांमधलं ठरलेलं अंतर) बिघडतो आणि लॉकची पकडच जाते. ठळक बर (धातूची वर आलेली धारदार कड) दिसली तर लायसन्सवाल्या गनस्मिथकडे न्या. स्प्रिंगची कडी कापायचा सल्ला देणाऱ्यापासून तर पळाच, पिन हलकी पडते आणि मॅचमध्ये मिसफायर होतात.

बोल्ट स्वतःच स्वतःला घासून गुळगुळीत होतो, त्याला वेळ द्या. कॅमवर आणि लॉकच्या जागी तांदळाएवढं ग्रीस, बाकी बोल्टवर शिलाई मशीनच्या तेलाचं नुसतं बोट. खोबरेल नको, थंडीत गोठतं. मग टीव्हीसमोर बसून २०० वेळा ट्रिगर न मारता पूर्ण मागेपुढे आणि २०० वेळा नुसतं हँडल वर, खाली, ट्रिगर. स्नॅप कॅप नसेल तर फायर झालेली पुंगळी चालते, दर दोन-चार क्लिकला थोडी फिरवा म्हणजे पिन त्याच खड्ड्यात पडत नाही. मी पुंगळ्यांना लाल नेलपॉलिश लावलंय, जिवंत राउंडशी गल्लत नको म्हणून, आणि बायकोला ते आवडलेलं नाही.

दर शंभरला ग्रीस पुसायचं. पहिल्यांदा काळंकुट्ट निघेल, धातूची भुकटी असते ती. कापड जवळपास स्वच्छ निघायला लागलं की ताजं ग्रीस लावा आणि रेंजवर जा.