जुनी नाणी घेताय की विकताय? आधी या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई झाली की मला फोन सुरू होतात. यंदाही आला, नागपूरच्या मानेवाड्यातून, ओळखीतल्या एका काकूंचा. "अरे बाबू, ह्यांच्या आजोबांच्या पेटीत रामदरबाराचं नाणं निघालं, १८१८ चं आहे, कंपनी सरकारचं, यूट्यूबवर पंचवीस लाख सांगतात, आणि तू काऊन इतका थंड बोलून राहिला?" आता काय सांगू. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असलेलं असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. मद्रासच्या पगोड्यावर, म्हणजे कंपनीच्या तिथल्या सोन्याच्या नाण्यावर, विष्णू आहे, ते खरं, पण ते वेगळं प्रकरण. कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली तीच मुळात १८३५ पासून. काकूंकडचं होतं ते देवस्थानाच्या बाहेर विकतात तसलं टोकन, देवघरात ठेवायला छान.

तर सगळ्यात पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक हीच, नाणं जुनं आहे म्हणजे महाग आहे असं धरून चालणं. आमच्या विदर्भात सातवाहनांची नाणी ढिगाने निघालीत. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली मोठा साठा सापडला होता, आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला, म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने सोनंच, पण अठराशे वर्षं जुनं साधं सातवाहन नाणं आजही प्रदर्शनात काही शे रुपयांत मिळतं. आणि दुसरीकडे अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल, शंभर वर्षंही झाली नाहीत त्याला, ते जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले सव्वाशे कोटींच्या वर! पाडली होती ४,४५,५००, पण तेव्हा सरकारने सोनं परत घेतलं आणि जवळजवळ सगळी वितळवली, आणि खाजगी माणसाला कायद्याने बाळगता येईल असं हे एकच उरलं. इजिप्तच्या फारूक राजाकडे होतं ते कधीकाळी. पैसे मोजले ते या सगळ्या कहाणीचे, आणि त्या दिवशी ते पाहिजेच असलेली दोन मोठ्या खिशाची माणसं समोरासमोर होती त्याचे. तुमच्या नाण्यासाठी अशी दोन माणसं आहेत का, हा प्रश्न आधी विचारा, भाव नंतर.

हेच व्हॉट्सअॅपवाल्या फॉरवर्डचं. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचाची नोट, म्हणे लाखो मिळतात, फक्त आधी 'रजिस्ट्रेशन फी' भरा, मग 'जीएसटी' भरा, मग 'आरबीआयचं कमिशन' भरा. आरबीआयने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाही आणि कुणाला कमिशन घ्यायला नेमलेलं नाही. तरी संविधान चौकातून आरबीआयच्या इमारतीसमोरून रोज ये-जा करणारी शिकलीसवरली माणसं पैसे भरतात बाप्पा. भरले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि तांदूळ खेचणारं तांब्याचं नाणं कुणी दाखवायला आणलं तर चहासुद्धा पाजू नका त्याला.

आता माझी स्वतःची चूक. नवीन नवीन होतो, महाल भागातल्या एका जुन्या घरातून एक शिवराई, म्हणजे मराठेशाहीचं तांब्याचं नाणं, मिळाली, मस्त गडद चॉकलेटी रंग चढलेली, अक्षरं स्पष्ट, आणि मी शहाण्याने ती चिंच-मीठ लावून घासली, देवाचा तांब्या घासतात तशी. लखलखीत झाली. इतवारीतल्या एका जुन्या जाणकाराला अभिमानाने दाखवली तर तो काही बोललाच नाही, नुसती परत दिली, आणि मग हळूच म्हणाला, "याची पाटी कोरी केली नं तुम्ही." तो चढलेला रंग म्हणजे पॅटिना, तो शे-दोनशे वर्षांत बसतो आणि एकदा गेला की गेला, आणि मोठे संग्राहक सगळ्यात आधी तोच बघतात. म्हणून लिंबू नको, टूथपेस्ट नको, राख नको. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, घासू नका, टिपून वाळवा, बस. आधीच घासलं असेल तर पुन्हा केमिकल लावून 'जुना लूक' आणायला जाऊ नका, त्याने अजून वाट लागते. सांभाळून ठेवा, आणि विकताना घासलेलं आहे असं सरळ सांगा.

ठेवण्याचीही एक खास नागपुरी चूक आहे. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, कूलर बारा-बारा तास चालू, आणि नाण्यांचं कपाट नेमकं कूलरच्याच खोलीत! ओली हवा दिवसभर कपाटात जाते आणि तांब्यावर हिरवं यायला लागतं. कपाट दुसऱ्या खोलीत हलवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. तसंच ते मऊ, वास मारणारे स्वस्त प्लास्टिक अल्बम, ते पीव्हीसीचे असतात, काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. थर आला असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढा, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस-दिव्यापासून लांब, आणि मग मायलारच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या, होल्डरमध्ये ठेवा. नाणं नेहमी कडेने धरा, सावजीत जेवून आलेल्या हाताने तर अजिबात नको.

खोट्या नाण्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण पैसेवाले लोक इथेच आपटतात. जॉर्ज सहाव्याचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, हे सगळ्यांना माहीत, म्हणून बनवणाऱ्यांनाही माहीत. लकडगंजच्या एका व्यापाऱ्याने घेतला, चांगले दणकून पैसे मोजून, आणि मला म्हणाला वजन केलं, ११.६६ ग्रॅम बरोबर, चुंबकाला चिकटत नाही, चांदी पण बरोबर. सगळं बरोबरच होतं, कारण नाणं खरंच होतं, फक्त १९३८ चं! शेवटच्या आठाचा नऊ केला होता. वजनाची चाचणी ओतीव नकलेला पकडते, आकडा बदललेल्याला नाही. तिथे दहापटीचं भिंग घेऊन शेवटचा आकडा बघायचा, त्याच्याभोवतीची जमीन खरवडलेली आहे का, आकड्याची उंची शेजारच्या आकड्यांसारखी आहे का, आणि पक्क्या १९३९ च्या फोटोशी ताडून बघायचं. ओतीव नकलेत मात्र कडेला जोडाची रेघ, बारीक बुडबुडे, अक्षरं जरा साबणासारखी गुळगुळीत, असं दिसतं. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन 'घाईत विकायचाय' म्हणून कुणी आणला तर बघायलाही जाऊ नका, खरे होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

प्लास्टिकच्या डबीत सील केलेलं, ग्रेड, म्हणजे अवस्थेचे गुण, दिलेलं नाणं घेतलं की झालं असंही नाही. डब्याही नकली येतात. डबीवरचा नंबर ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी जुळवा. आणि ग्रेडचा स्केल १ ते ७० असतो, वरच्या टोकाला एका अंकाने भाव दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नसेल तर नुसत्या अंकासाठी पैसे ओतू नका.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष ही श्रीमंतांची लाडकी चूक. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेलं एक सोन्याचं नाणं, दोन खंजिरांचं, ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांच्या वर गेलं, रेकॉर्ड झाला. पुढे निघालं की आधीच्या मालकीचे कागद बनावट, आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. आपल्याकडेही शेतात साठा सापडला तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने कलेक्टरला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला, कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, परदेशी भाच्याच्या बॅगेत टाकून पाठवता येत नाहीत. म्हणून बिल घ्या, पैसे बँकेतून द्या, 'बिलाशिवाय स्वस्त' हे वाक्य ऐकलं की उठा.

लिलावात अजून एक गंमत होते. माणूस हात वर करतो पन्नास हजाराला आणि घरी बिल येतं बरंच जास्त, कारण वर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, आणि त्यावर जीएसटी. आधी नियम वाचा, सगळं धरून आकडा कागदावर लिहा आणि त्याच्या पुढे जाऊ नका, समोरचा कितीही चिडवो.

विकताना घाईत सराफाकडे जाऊ नका. त्याची चूक नाही, तो चांदीच्या भावाने घेतो, त्याचा धंदाच तो आहे. दोन-तीन नाणेवाल्यांना दाखवा. सिव्हिल लाइन्सच्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, जुन्या नाण्यांचा संग्रह आहे तिथे एकदा जाऊन या, ते भाव सांगणार नाहीत, पण खरं नाणं कसं दिसतं याची नजर बसते.

आणि वही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ तीस वर्षं गोळा करत होते, घरात कुणालाच काही माहीत नाही, ते गेले आणि महिन्याभरात सगळं वजनावर गेलं, पाकिटं तेवढी रद्दीत. प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन, कुणाकडून, कधी, कितीला, बिल कुठे, एवढं लिहा आणि वही कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवा. मी मुलीला दाखवली, ती म्हणाली बाबा, अक्षर तर नीट काढा.