सी-१० चा के-१० : जुन्या शेव्हरोले पिकअपला फोर-व्हील ड्राइव्ह कसे बसवावे

शेव्हरोलेचा १९७३ ते १९८७ या काळातील सी-१० हा टू-व्हील ड्राइव्ह पिकअप आणि त्याच साच्यातील फोर-व्हील ड्राइव्ह के-१० यांचे बॉनेट, दरवाजे, केबिन आणि मागचा हौदा बहुतांशी एकच आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या ट्रकची हौस असलेल्या अनेकांना त्यामुळे असे वाटते की पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणून जोडली की काम झाले. प्रत्यक्षात या दोन गाड्यांमधला खरा फरक केबिनच्या खाली, चासीत आहे. म्हणून रूपांतराचा विचार सुट्या भागांपासून सुरू न करता चासीपासून सुरू करावा, हे माझे ठाम मत आहे.

सी-१० च्या पुढच्या चाकांना वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग असे स्वतंत्र सस्पेन्शन असते आणि ते एका जाड आडव्या क्रॉसमेंबरवर बसलेले असते. के-१० ला मात्र पुढेही पाटे आणि एकसंध अ‍ॅक्सल असतो, त्यामुळे पाट्यांचे हँगर, शॅकल, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट आणि स्टिअरिंग बॉक्स यांच्या जागा वेगळ्या असतात. सी-१० च्या स्टिअरिंगचा पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा) आडवा, म्हणजे डावी-उजवीकडे फिरतो, तर के-१० चा आर्म पुढे-मागे हलून डाव्या नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) ढकलतो किंवा ओढतो. आपलीच चासी ठेवायची असेल तर क्रॉसमेंबर काढून हे सगळे बिंदू अचूक मापाने नव्याने उभे करावे लागतात. त्यातला एखादा हँगर थोडासा जरी मागे-पुढे झाला तरी अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी कायम एका बाजूला ओढत राहते.

यापेक्षा सरळ मार्ग असा, की पत्रा सडलेला पण चासी शाबूत असलेला अख्खा के-१० विकत घ्यावा आणि आपली केबिन व हौदा त्याच्या चासीवर चढवावा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांमध्ये असे के-१० सापडतात, तर अ‍ॅरिझोना किंवा टेक्साससारख्या कोरड्या भागात स्वच्छ पत्र्याचे सी-१० मिळतात, आणि या दोहोंची सांगड चांगली बसते. एकच काळजी घ्यावी : व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, जुळला पाहिजे. आखूड हौद्याच्या ट्रकचा व्हीलबेस ११७.५ इंच आणि लांब हौद्याच्या ट्रकचा १३१.५ इंच असतो. गाडी मुळात कोणती होती हे व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, कळते. १९८० पर्यंतच्या क्रमांकात दुसरे अक्षर आणि १९८१ ते १९८६ च्या सतरा अंकी क्रमांकात पाचवे अक्षर सी किंवा के असते; १९८७ च्या गाड्यांत त्या जागी आर किंवा व्ही असते.

दाता ट्रक, म्हणजे ज्याची चासी वापरायची तो के-१०, विकत घेण्यापूर्वी त्याच्या चासीची तपासणी घाई न करता करावी. डाव्या बाजूला जिथे स्टिअरिंग बॉक्स बोल्टने आवळलेला असतो, तिथे या पिढीच्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकांच्या चासीला तडे जाण्याची खोड सर्वश्रुत आहे. तेल आणि चिखलाचा थर तारेच्या ब्रशने खरवडून काढावा, तो भाग पुसून कोरडा करावा, आणि कोणाला तरी इंजिन सुरू ठेवून जागेवरच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगून टॉर्चच्या उजेडात बोल्टच्या छिद्रांभोवती पाहावे. तडा असेल तर तो या वेळी केसासारखा उघडतो आणि मिटतो. असा तडा दिसला म्हणून ट्रक लगेच सोडून द्यावा असे नाही, कारण तो नीट वेल्ड करून वर जाड प्लेट बसवता येते. मात्र हे काम केबिन चढवण्याआधी, चासी उघडी असतानाच करून घ्यावे.

दुसरी तपासणी क्राउन-पिनियनच्या गुणोत्तराची, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो त्याची. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर सारखेच असायला हवे. ४.१० आणि ४.११ इतका नाममात्र फरक चालतो, पण पुढे ३.७३ आणि मागे ३.०७ अशी जोडी असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह लावताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झुंजू लागतात आणि ट्रान्सफर केस किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. आधीच्या मालकाने काय बदलले असेल याचा भरवसा नसल्याने तोंडी माहितीवर न जाता स्वतः मोजावे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ओट (अडसर) लावून मागचे एकच चाक जॅकने उचलावे, अ‍ॅक्सलखाली भक्कम स्टँड द्यावा, गिअर न्यूट्रल करावा आणि हँडब्रेक सोडावा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्या वेळात शाफ्ट किती फिरतो ते मोजावे. साध्या, म्हणजे लॉक नसलेल्या डिफरन्शियलमध्ये तीन पूर्ण फेरे आणि चौथ्याचा जवळपास पाऊण भाग भरला तर गुणोत्तर ३.७३ असते, आणि चारच्या किंचित पुढे गेला तर ४.१०. पुढच्या अ‍ॅक्सललाही हब लॉक करून, म्हणजे चाके शाफ्टशी जोडून, याच पद्धतीने मोजता येते.

ट्रान्सफर केस कोणती मिळते यावरही बरेच अवलंबून आहे. एनपी-२०५ ही बिडाची, संपूर्ण गिअरवर चालणारी केस अतिशय दणकट आहे, पण तिचे लो (वेग कमी करून जोर वाढवणारे) गुणोत्तर १.९६ इतकेच आहे. १९८१ पासून आलेली एनपी-२०८ अ‍ॅल्युमिनियमची, साखळीवर चालणारी आणि वजनाला हलकी असून तिचे लो गुणोत्तर २.६१ असल्याने चढावर ती अधिक सावकाश आणि ताबा राखून चालते. सत्तरच्या दशकातील एनपी-२०३ चारही चाकांना कायम जोर देते. तिच्यामुळे इंधन जास्त जाते, म्हणून रोजच्या वापरासाठी मी ती सुचवणार नाही. तेलात गल्लत होऊ देऊ नये : २०५ मध्ये ८०-डब्ल्यू-९० गिअर ऑइल आणि २०८ मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे डेक्सरॉन तेल. फोर्डची केस स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये पुढचा शाफ्ट डाव्या बाजूने जातो आणि शेव्हरोलेच्या या पिढीत उजव्या बाजूने.

आपल्या सी-१० चा गिअरबॉक्स तसाच वापरता येईल अशी आशा धरू नये. टू-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट वेगळा असतो, आणि टीएच-३५० सारख्या ऑटोमॅटिकमध्ये तो बदलण्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. म्हणून दाता ट्रकचा गिअरबॉक्स, अ‍ॅडॅप्टर आणि ट्रान्सफर केस एकत्रच ठेवावी. ही जोडी खाली उतरवायची वेळ आलीच तर गिअरबॉक्सचा जॅक आणि त्यावर बांधण्याची साखळी असल्याशिवाय हात घालू नये. एकटी २०५ देखील एका माणसाने पेलण्यासारखी नाही.

केबिन उचलण्यापूर्वी बॅटरी, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरचा) वायरिंगचा जोड, अर्थिंगच्या पट्ट्या, हीटरचे होस, स्टिअरिंग शाफ्टचा कपलर, ब्रेकच्या नळ्या, क्लचचा दुवा आणि स्पीडोमीटरची केबल सोडवावी. अर्थिंगची पट्टी विसरली जाते आणि केबिन उचलताना तीच वायरिंग ओढून तोडते. इंधनाच्या टाक्या आधी रिकाम्या करून काढाव्यात. नवी चासी उघडी असतानाच केबिनचे रबर माउंट, ब्रेकच्या गंजलेल्या नळ्या आणि पाट्यांचे बुश बदलून घ्यावेत, कारण नंतर हेच काम दुप्पट वेळ खाते. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नेहमी नवेच घ्यावेत, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितका आवळून राहत नाही.

चाकांचा प्रश्नही याच मार्गाने सुटतो. सी-१० च्या चाकाला पाच इंचांच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात आणि के-१० च्या चाकाला साडेपाच इंचांच्या वर्तुळावर सहा, त्यामुळे फक्त पुढचा अ‍ॅक्सल बदलणाऱ्याला पुढे-मागे दोन प्रकारची चाके आणि दोन स्टेपन्या बाळगाव्या लागतात. मागचा अ‍ॅक्सलही दाता ट्रकचाच असला की हा त्रास राहत नाही आणि आधी मोजून खात्री केलेली असेल तर गुणोत्तरही जुळलेले असते.

कागदपत्रांकडे काम सुरू होण्यापूर्वीच लक्ष द्यावे. केबिनवरील व्हीआयएनची पट्टी आणि चासीवर ठोकलेला क्रमांक आता वेगवेगळे असतील. पट्टी काढून दुसरीकडे लावणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा तो विचारही करू नये. दोन्ही ट्रकांची टायटल (मालकीची कागदपत्रे) स्वतःच्या नावावर घेऊन आपल्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात नोंद कशी होते ते आधी विचारावे, कारण प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांची परिस्थिती याहून कडक आहे : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२-अ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यांनी बोलेरो कॅम्परसारखी कारखान्यातूनच फोर-व्हील ड्राइव्ह असलेली गाडी शोधावी.

सगळे जोडून झाल्यावर ब्रेकमधील हवा मागच्या उजव्या चाकापासून सुरू करून, मग मागचे डावे, पुढचे उजवे आणि शेवटी पुढचे डावे अशा क्रमाने काढावी. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढच्या ब्रेकचे होस कुठे ताणले जात नाहीत ना हे पाहावे. मग चारही चाके भक्कम स्टँडवर अधांतरी ठेवून, हब लॉक करून आणि फोर-व्हील ड्राइव्ह लावून, इंजिन आयडलवर असताना पहिला गिअर टाकावा आणि पुढची व मागची चाके एकाच दिशेने फिरतात याची खात्री करावी. पहिली खरी चाचणी कच्च्या मोकळ्या मैदानात घ्यावी. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती लावायची, फोर-व्हील ड्राइव्ह लावून वळू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो फरक घसरून भरून निघायला तिथे वाव नसतो. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर पाटे आपापल्या जागी बसतात, तेव्हा आठही यू-बोल्ट टॉर्क रेंचने आडव्या-तिरक्या क्रमाने पुन्हा आवळावे आणि नकल, पिनियन व ट्रान्सफर केसच्या ऑइल सीलखाली तेलाचा ओघळ दिसतो का ते त्याच वेळी तपासावे.