इम्प्लांट करायचा आहे? आधी खर्रा, शुगर अन् हाड पाहून घ्या

आमच्या बाबांच्या खालच्या दोन दाढा गेल्या अन् ज्वारीची भाकर दुधात कुस्करून खायची पाळी आली तेव्हा घरात इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात पक्का बसवायच्या दाताचा, विषय निघाला. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, दातांचा डॉक्टर तालुक्याला, तिथं जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. आता गावात कोणी ना कोणी विचारतेच, "काय गा, तुह्या बाबानं दात कुठून बसवले?" म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, हा दात एका दिवसाचा नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, साधारण 4 मिलिमीटर जाड अन् 10 मिलिमीटर लांब, मग हाड त्याला हळूहळू धरते अन् तेव्हा कुठं वर कॅप, म्हणजे दिसणारा दात, बसते. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना 1950 च्या दशकात सशाच्या हाडावर प्रयोग करताना हे दिसलं, हाडात बसवलेलं टायटॅनियम काढायला गेले तर निघेचना, हाडानं ते पक्कं धरलं होतं. 1965 ला त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. हाडाची ही पकड यायला खालच्या जबड्यात तीनेक महिने लागतात, वरच्यात चार ते सहा, कारण वरचं हाड भुसभुशीत असते. कोणी तीन दिवसात पक्के दात म्हटलं तर लगेच पैसे देऊ नका, काही पेशंटना लवकर दात देता येतात हे खरं आहे पण आपलं हाड तसं आहे का हे आधी विचारा.

अन् म्हणूनच हंगाम पाहून तारीख घ्या. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी ऐन भरात असताना करू नका, पहिला आठवडा धूळ, ऊन, ओझं उचलणं सगळं टाळायचं असते अन् टाके काढायला परत जावं लागते. आम्ही जुलैत पेरणी आटोपल्यावर स्क्रू बसवला, दिवाळीच्या आधी कॅप लागली.

आता खर्रा, म्हणजे आपल्याकडे तंबाखू अन् सुपारी घोटून खातात तो. हे मी मनापासून सांगतो, आपल्याकडे सगळ्यात जास्त इम्प्लांट यातच वाया जात असतील असं मला वाटते. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होते, जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. अन् सुपारीनं तोंड उघडणं कमी होते ते वेगळंच. घरीच पाहा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी ठेवून तोंडात जातात का, नाही गेली तर आधी तेच डॉक्टरला दाखवा, कारण मागच्या दाढेपर्यंत मशीनच पोचणार नाही अन् खर्ऱ्यानं आखडलेलं तोंड कॅन्सरसाठीही तपासून घ्यावं लागते. बाबांची दोनच बोटं जात होती अन् तिसरं लावताना त्यांचा चेहरा पडला, तो मला अजून आठवते. डॉक्टर साधारण स्क्रूच्या आठवडाभर आधीपासून ते नंतर दोन महिने तरी तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सांगतात. माझं म्हणणं, एवढे दिवस राहिले तर परत हात लावूच नका.

शुगर असली तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून रिपोर्ट सोबतच न्या. 7 च्या आसपास असली तर डॉक्टर निवांत असतात, 8 च्या वर असली तर बरेच जण थांबा म्हणतात, अन् थांबा. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरला विचारूनच. हाडं ठिसूळ झाली म्हणून आईला वर्षातून एकदा इंजेक्शन लागत असेल, किंवा कोणाला कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशनचा शेक दिला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्यात जबड्याचं हाड भरून येत नाही असा धोका असते.

दात काढून लई दिवस झाले असले तर हाड झिजलेलं असते, पहिल्या वर्षातच त्याची रुंदी जवळपास निम्मी कमी होऊ शकते. मग हाडाची भर टाकावी लागते, म्हणजे खर्च अन् महिने दोन्ही वाढले. साध्या एक्स-रेवर भागवू नका, थ्रीडी स्कॅनबद्दल विचारा, खालच्या जबड्यात ओठाची नस जाते अन् स्क्रू तिच्यापासून लांब राहिला पाहिजे. भूल उतरूनही ओठ बधिरच राहिला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.

पैशाचं लेखी घ्या. आम्हाला एका ठिकाणी जो आकडा सांगितला तो निस्त्या स्क्रूचा निघाला, मधला जोड अन् कॅप वेगळी, स्कॅन वेगळा. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय इथंही चौकशी करा, कॉलेजात साधारण खर्च कमी लागते पण चकरा जास्त होतात. बाजूच्या दातांना तशीही कॅप लागणार असली तर त्यांच्याच आधारानं बसवायचा दात, म्हणजे ब्रिज, बरा पडू शकते, अन् सगळेच दात गेले असतील तर कवळीबद्दलही विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

बसवल्यावर पहिला दिवस जोरात थुंकायचं नाही अन् चुळा भरायच्या नाहीत, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच. खिचडी, पातळ वरण, दही-भात थंड करून. स्क्रूला कीड लागत नाही पण हिरडी सडू शकते अन् मग हाड खाली जाते, म्हणून दोन दातांमधला बारीक ब्रश रोज फिरवायचा. सहा महिन्यांनी दाखवायला जायचंच.

अन् निघताना इम्प्लांटच्या डब्यावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप अन् लॉट नंबर असते. पाच-सात वर्षांनी कॅप ढिली झाली अन् तो डॉक्टर तालुका सोडून गेला असला तर दुसऱ्याला त्या स्टिकरवरूनच कळते कोणता पाना लागेल. बाबांचा स्टिकर आम्ही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला आहे.